विज्ञानशिक्षणातील पीएच.डी. नेमकी कोणत्या विभागाची? कुलगुरू आणि संशोधन मान्यता समित्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचे माननीय कुलगुरू आणि संशोधन मान्यता समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आणि नंतर बी.एड. करून २००६ मध्ये मी नोकरीस लागले आणि गेली काही वर्षे आपल्यापैकी एका विद्यापीठाची अर्धवेळ पीएच.डी.ची विद्यार्थिनीही आहे. पीएच.डी.ने माझ्या वेतनश्रेणीत काही फरक पडणार नाही, आणि वरिष्ठ महाविद्यालयात जाण्याचे वय व इच्छा दोन्ही मागे पडली आहेत. तरीही हा खटाटोप मी का केला आणि तो करताना आपल्या व्यवस्थेत कोठे अडखळले, हे सांगितल्यावाचून माझी विनंती आपल्याला पटणार नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

२०१७ मध्ये नववीचे विज्ञानाचे पुस्तक बदलले. त्यातील तिसरे प्रकरण 'धाराविद्युत'. त्या डिसेंबरात मी वर्गात एक विद्युतघट, टॉर्चचा एक दिवा आणि दोन तारा घेऊन परिपथ जोडून दाखवत होते. धारा घटाच्या एका टोकाकडून निघून दिव्यातून जाते व दुसऱ्या तारेने परत येते, असे मी सांगताच मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील वायरमन. तो म्हणाला, "बाई, परतीच्या वायरीत करंट नसतो. तिला हात लावला तरी काही होत नाही. टेस्टर लावला तर फेजलाच पेटतो, न्यूट्रलला पेटत नाही." मी प्रयोगशाळेतले धारा मोजणारे दोन अमीटर काढले, एक दिव्याच्या अलीकडे व एक पलीकडे जोडला, आणि दोन्हींचे वाचन सारखे येत असल्याचे त्याला दाखवले. त्याने दोन्ही काटे नीट पाहिले आणि शांतपणे सांगितले की पलीकडचा मीटर बिघडलेला असणार.

वर्ग हसला, मीही हसले. परंतु घरी जाताना माझ्या लक्षात आले की त्या मुलाचे तर्कशास्त्र निर्दोष होते. तो निरीक्षणावरूनच बोलत होता, आणि ते निरीक्षण त्याने वडिलांबरोबर कितीतरी घरांतून केलेले होते. माझा अमीटर मात्र तो आयुष्यात पहिल्यांदा पाहत होता. टेस्टर दाखवतो तो विभव, म्हणजे बोलीतला व्होल्टेज. न्यूट्रल तारेचा विभव जवळजवळ जमिनीइतकाच असल्यामुळे तेथे टेस्टर पेटत नाही, पण दिवा चालू असताना धारा तिच्यातूनही तितकीच वाहत असते. धारा आणि विभव यांतला हा फरक आमच्या पुस्तकात व्याख्यांच्या रूपाने आहे. परंतु टेस्टर हाताळून आलेल्या मुलासाठी त्या व्याख्येची सुरुवात कोठून करायची, हे मला ना बी.एड.मध्ये कोणी सांगितले होते, ना एम.एस्सी.मध्ये. सहामाहीनंतरच्या चाचणीत त्याच मुलाने 'एकसर जोडणीत धारा सर्वत्र समान असते' असे लिहून पूर्ण गुण मिळवले. मे महिन्यात शाळेच्या पंख्याची दुरुस्ती चालू असताना तोच मला म्हणाला, "न्यूट्रल आहे बाई, करंट नाही त्यात."

माझा संशोधनाचा प्रश्न या तीन प्रसंगांच्या मधोमध आहे. अमीटर पाहून न बदललेले मत, चाचणीत बदललेले उत्तर आणि पुन्हा मूळ जागी आलेले मत, हे सारे एकाच मुलाच्या डोक्यात एकाच वर्षात कसे नांदते? आणि शिक्षकाने त्यात कोठे हात घालावा?

हा प्रश्न जगात नवा नाही, हे मला नंतर वाचनातून कळले. न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बोर्न यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुलांच्या विद्युतधारेविषयीच्या कल्पना नोंदवल्या; त्यात एकाच तारेतून धारा येते असे मानणारी मुले होती, तशीच घटाच्या दोन्ही टोकांकडून धारा येऊन दिव्यात आदळते असे मानणारीही होती. फ्रान्समध्ये लॉरांस व्हिएनो यांनी १९७९ मध्ये दाखवले की विद्यापीठात पोहोचलेले विद्यार्थीही वर फेकलेल्या वस्तूत फेकण्याचे बल शिल्लक असते असे धरून गणिते सोडवतात. आमची मुले 'चेंडूत जोर उरलेला असतो' म्हणतात, तेच हे. १९९२ मध्ये डेव्हिड हेस्टेनीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बलाविषयीची एक बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. तिचे वैशिष्ट्य असे की तिच्यातील चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या मनातल्या खऱ्याखुऱ्या समजुतींवर बेतलेले आहेत. त्यामुळे विद्यार्थी चुकला तरी तो कोणत्या विचाराने चुकला, हे त्या उत्तरातून वाचता येते.

असे संशोधन मराठी मुलांवर, मराठी भाषेत, मराठी शाळेत व्हायला हवे आणि ते वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसानेही करायला हवे, असे मला वाटले. म्हणून २०१८ मध्ये मी एका विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात गेले. तेथे मला सांगण्यात आले की माझ्याकडे एम.एड. किंवा शिक्षणशास्त्रातील एम.ए. नसल्याने मी पात्र नाही. मी त्याच आवारातील भौतिकशास्त्र विभागात गेले. तेथील प्राध्यापकांनी माझे म्हणणे आस्थेने ऐकले, चहाही दिला, आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, प्रश्न उत्तम आहे, पण हे फिजिक्स नव्हे." दोन्ही इमारतींच्या मधल्या रस्त्यावर मी त्या दिवशी काही वेळ उभी होते. कोणाचेही चुकत नव्हते. नियमच तसे होते.

पुढे मी दूरशिक्षणाने शिक्षणशास्त्रात एम.ए. केले, 'पेट' ही पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा दिली आणि एका शिक्षणशास्त्र विभागात नोंदणीसाठी सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, सादर केला. माझे शीर्षक साधे होते: विद्युत परिपथाविषयी नववीच्या मुलांच्या कल्पना आणि त्या घडण्यात घरातील अनुभव व मराठी भाषा यांचा वाटा. समितीसमोर मला पहिला प्रश्न विचारला गेला तो 'परिकल्पना (तपासून पाहायचे गृहीत विधान) कोठे आहे?' हा, दुसरा, 'नियंत्रित गट (तुलनेसाठीची तुकडी) कोठे आहे?' साठ मुलांच्या मुलाखती व वर्गातील संवादांची नोंद हा 'डेटा' कसा होणार, अशी शंका एका सदस्यांनी घेतली. दोन बैठकांनंतर जे शीर्षक मंजूर झाले त्यात 'कृतियुक्त अध्यापन पद्धतीच्या परिणामकारकतेचा अभ्यास' असे शब्द आहेत. मी सही केली. त्या सहीचा मला अभिमान नाही.

शोधगंगा या संकेतस्थळावर शिक्षणशास्त्राचे मराठी प्रबंध उघडून पाहणाऱ्यास हा साचा ओळखीचा वाटेल. एक पद्धती घ्यायची, एक तुकडी प्रायोगिक व दुसरी नियंत्रित करायची, पूर्वचाचणी, काही आठवड्यांचा कार्यक्रम, उत्तरचाचणी आणि शेवटी दोन तुकड्यांच्या सरासरींतला फरक तपासणारी टी-परीक्षिका. निष्कर्ष बहुधा ठरलेलाच की नवी पद्धती परिणामकारक आहे. मी या पद्धतीची थट्टा करत नाही. योग्य प्रश्नाला ती योग्यच असते. परंतु माझ्या वायरमनच्या मुलाने उत्तरचाचणीत पूर्ण गुण घेतले होते. माझ्या प्रबंधात तो 'सुधारणा' या सदरात मोजला गेला असता आणि मे महिन्यात तो पंख्याखाली काय म्हणाला, याला त्या तक्त्यात रकानाच नसता. विज्ञानशिक्षणाचा खरा विषय ज्या फटीत आहे, तीच फट आमचे संशोधन बुजवून टाकते.

आमच्या बाजूनेही दोष आहेत आणि ते येथे मान्य करायला हवेत. केवळ नावापुढे 'डॉ.' लागावे म्हणून नोंदणी करणारे शिक्षक मी पाहिले आहेत. 'डेटा अॅनालिसिस करून मिळेल' अशी पाटी लावलेली दुकाने विद्यापीठांच्या फाटकासमोर आमच्यासारख्यांच्याच जिवावर चालतात. तयार साचा असला की दुकान चालवणे सोपे जाते, एवढेच मी म्हणेन.

येथे भाषेबद्दल थोडे थांबून लिहिते, कारण या विषयाचा गाभा मला तेथे दिसतो. आमच्या गावात 'लाईट' हा शब्द विजेसाठी वापरतात. 'लाईट गेली', 'लाईटचे बिल आले', 'मोटरीला रात्रीच लाईट मिळते'. मूल जेव्हा 'तारेतून लाईट येते' असे म्हणते, तेव्हा त्याच्या मनात धारा असते, ऊर्जा असते की दिव्याचा उजेड, हे त्याला चार वेगवेगळ्या पद्धतीने विचारल्याशिवाय कळत नाही. 'कार्य' हा शब्द घ्या. घरात कार्य आहे म्हणजे लग्नकार्य आहे, मांडव आहे, माणसांची धावपळ आहे. आणि पुस्तक सांगते की भिंतीला तासभर ढकलणाऱ्या माणसाने केलेले कार्य शून्य आहे. 'शक्ती' हा शब्द बोलण्यात बळ, जोर, ऊर्जा या साऱ्यांसाठी फिरतो आणि नववीच्या पुस्तकात मात्र तो कार्य करण्याच्या दराला बांधलेला आहे. इंग्रजीत लिहिलेल्या संशोधनाचे भाषांतर करून यातले काहीही हाती लागणार नाही. ते मराठीतच शोधावे लागेल.

आणि ही वाट महाराष्ट्रातच पूर्वी चोखाळली गेली आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. प्रा. भा. मा. उदगावकर आणि प्रा. व्ही. जी. कुलकर्णी हे दोघेही मुळात भौतिकशास्त्रज्ञ. केंद्राच्या सुरुवातीच्या वर्षांत ही मंडळी जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या परिसरातील शाळांत गेली, मुंबई महापालिकेच्या शाळांतील मुलांबरोबर बसली. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आलेली एक महत्त्वाची गोष्ट अशी की महापालिका शाळांतील मराठी मुले विज्ञानात मागे पडतात त्यात पुस्तकाच्या भाषेचा मोठा वाटा आहे. आशय तोच ठेवून भाषा सोपी केली तर मुलांना विज्ञान अधिक समजते. आज मानखुर्दला असलेले हे केंद्र विज्ञानशिक्षणात पीएच.डी. देते, तेथे विज्ञानातील पदव्युत्तर विद्यार्थी तर घेतलेच जातात, शिवाय इतर विद्याशाखांतून आलेल्यांनाही जागा आहे. परंतु तेथील जागा मोजक्या आहेत आणि तासगाव, चंदगड किंवा गडचिरोलीतील नोकरदार शिक्षकाने पूर्णवेळ मानखुर्दला राहावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. एक केंद्र साऱ्या राज्याला पुरणार नाही. ते काम आपल्या विद्यापीठांचे आहे.

'हे फिजिक्स नव्हे' या आक्षेपाबद्दलही लिहिले पाहिजे. अमेरिकेत सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमॉट यांनी १९७० च्या दशकात भौतिकशास्त्र विभागातच असा गट उभा केला आणि विद्यार्थी परिपथ, बल, प्रकाश कसे समजून घेतात यावर संशोधन करणाऱ्यांना तेथे पीएच.डी. मिळाली ती भौतिकशास्त्रात. १९९९ मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या परिषदेने ठराव करून अशा संशोधनाला भौतिकशास्त्र विभागांत स्थान मिळण्याचे स्वागत केले. कारण उघड आहे. धारा आणि विभव यांत मूल कोठे गोंधळते, हे ओळखायला तो फरक स्वतःला खोलवर कळलेला असावा लागतो. आणि मुलाशी कसे बोलावे, मुलाखत कशी घ्यावी, तिचा अर्थ कसा लावावा, हे ओळखायला शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्र लागते. यातले एक वजा केले की दुसरे लंगडे होते. माझे मार्गदर्शक सज्जन आणि अभ्यासू आहेत, परंतु त्यांचा मूळ विषय इतिहास आहे. परिपथाचा मुद्दा आला की ते माझ्यावर विसंबतात. परीक्षक कोण नेमले जातील, याची मला आत्ताच काळजी आहे.

आता नियमांकडे येते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नोव्हेंबर २०२२ चे पीएच.डी.विषयक विनियम मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत आणि माझी अशी समजूत झाली आहे की अडथळा त्यांत नसून आपल्या स्थानिक अध्यादेशांत व सवयींत आहे. आंतरविद्याशाखीय संशोधनासाठी विभागाबाहेरचा, प्रसंगी विद्यापीठाबाहेरचाही सहमार्गदर्शक घेण्याची मुभा त्यांत स्पष्ट आहे. त्याच विनियमांत असेही म्हटले आहे की कोणत्याही विषयात पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या विषयाच्या अध्यापनाचे, अध्यापनशास्त्राचे किंवा लेखनाचे प्रशिक्षण घ्यावे. म्हणजे भौतिकशास्त्र विभागाने भौतिकशास्त्राच्या अध्यापनाचा विचार करणे नियमाने अपेक्षितच आहे. हा विचार ज्यांना शिकवता येईल अशी माणसे त्या विभागात कोठून येणार, हे मात्र कोणी ठरवलेले दिसत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार चार विद्याशाखा झाल्या आणि शिक्षणशास्त्र 'आंतरविद्याशाखीय अभ्यास' या विद्याशाखेत गेले. नाव इतके नेमके असताना त्या विद्याशाखेच्या दारात भौतिकशास्त्राच्या पदवीधराला अपात्र ठरवले जावे, यातील विसंगती आपल्याला वेगळी दाखवायला नको.

२०२४ पासून पीएच.डी. प्रवेशासाठी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण ग्राह्य धरले जाऊ लागले. नेटच्या विषयांत 'शिक्षणशास्त्र' आहे, विज्ञान विषयांसाठीच्या सीएसआयआर-नेटमध्ये भौतिक, रासायनिक व जीवविज्ञान आहेत. 'विज्ञानशिक्षण' कोठेच नाही. माझ्यामागून येणाऱ्या तरुण शिक्षकांना त्यामुळे पुन्हा दोनच इमारती आहेत.

तेव्हा माझी पहिली आणि मुख्य विनंती अशी आहे की विज्ञानातील पदव्युत्तर पदवी, बी.एड. आणि शाळेतील अध्यापनाचा काही वर्षांचा अनुभव असलेल्या शिक्षकाला विज्ञानशिक्षणातील पीएच.डी.साठी पात्र धरावे, आणि शिक्षणशास्त्राची जी पायाभूत माहिती त्याला नसेल ती कोर्सवर्कमधून द्यावी. किमान बारा श्रेयांकांचे कोर्सवर्क आजही असतेच; त्यात सर्वांना सरसकट संख्याशास्त्राची तीच ती प्रकरणे शिकवण्याऐवजी मुलांच्या कल्पनांवरील संशोधन, मुलाखतीचे तंत्र, वर्गसंवादाचे विश्लेषण आणि विज्ञानाचा इतिहास यांना जागा होऊ शकते. अशा प्रत्येक नोंदणीस एक मार्गदर्शक शिक्षणशास्त्राचा आणि एक विज्ञान विभागाचा असावा, आणि सिनॉप्सिस ज्या बैठकीत येईल तेथे त्या विज्ञान विषयाचा निदान एक सदस्य बसलेला असावा. यासाठी नवा विभाग, नवी इमारत किंवा नवे पद लागणार नाही. दोन विभागप्रमुखांनी एका टेबलावर बसावे लागेल.

दुसरी गोष्ट समितीच्या सदस्यांना, थोड्या धिटाईने. परिकल्पना व नियंत्रित गट नसलेला आराखडा आपल्यासमोर आला तर तो केवळ त्या कारणाने परत पाठवू नये. वीस मुलांशी महिनोन्महिने बोलून केलेल्या नोंदी काटेकोर आहेत की नाहीत, हे तपासण्याचे निकष जगात ठरलेले आहेत. ते लावावेत आणि कच्चे काम असेल तर अवश्य नाकारावे. मराठीत लिहिलेल्या प्रबंधाला मराठी आणि विज्ञान दोन्ही जाणणारा परीक्षक मिळावा, हेही त्याच ओघात आले.

तिसरी बाब आपल्या एकट्याच्या अखत्यारीतील नाही. अर्धवेळ पीएच.डी.साठी संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळेल, कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास कार्यमुक्त केले जाईल, असे त्यात लिहून द्यावे लागते. मला ते पत्र मिळाले, वेळ मात्र मिळाला नाही. मतदारयाद्या, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे हे सारे आमच्याच माथी असते. माझे कोर्सवर्क दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि उरलेले बिनपगारी रजेत झाले. विद्यापीठांनी शालेय शिक्षण विभागाशी बोलून सुट्ट्यांच्या काळातील कोर्सवर्कची रीतसर सोय केली तर त्या ना-हरकत प्रमाणपत्रावरची सही खोटी ठरणार नाही.

माझ्या स्वतःच्या प्रबंधाचे शीर्षक आता बदलावे, अशी माझी मागणी नाही. ते काम मी मंजूर साच्यात पूर्ण करत आहे, तक्ते होत आले आहेत. मुलांच्या मुलाखती मात्र मी थांबवलेल्या नाहीत. त्या प्रबंधात कोठेच बसत नसल्या तरी सत्तेचाळीस झाल्या आहेत आणि शाळेच्या प्रयोगशाळेतील लोखंडी कपाटात, त्या दोन अमीटरांच्या शेजारी, पाच वह्यांत लिहून ठेवलेल्या आहेत. आपल्यापैकी कोणत्याही समितीला त्या पाहायच्या असतील तर मी पुढच्या बैठकीला घेऊन येईन. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे शनिवारची दुपार ठेवल्यास रजा काढावी लागणार नाही.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक विज्ञान शिक्षिका
जिल्हा सांगली